कमी उंचीच्या सहप्रवाशाला बॅकरेस्ट का टेकत नाही, आणि जुळवल्यावर पुन्हा का बिघडतो

मोटरसायकलला बॅकरेस्ट बसवला, पॅड चांगले जाड आहे, बोल्ट पक्के आहेत, तरीही मागे बसणारी व्यक्ती सांगते की पाठ टेकतच नाही, आणि मुद्दाम मागे रेलून टेकवली तर खांद्याच्या फऱ्यांवर पॅडची कड टोचते. मग गॅरेजमध्ये पॅड एक भोक खाली घेतले जाते, काही दिवस बरे वाटते आणि पुन्हा तीच तक्रार सुरू होते. पाच फुटांच्या आसपास किंवा त्याहून कमी उंची असलेल्या सहप्रवाशांच्या बाबतीत हे इतक्या नियमितपणे घडते की त्याचे कारण त्या एका बॅकरेस्टमध्ये शोधून भागत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा पॅडच्या उंचीत नसून पाठ आणि पॅड यांच्यातील अंतरात असते, आणि ते अंतर पायांपासून सुरू होते. म्हणून जुळवणीचा क्रम पाय, बैठक, अंतर आणि शेवटी उंची असाच ठेवावा. हा क्रम उलटा केला की काम पुन्हा पुन्हा करावे लागते.

अंतर कोठून येते

उंची कमी असणाऱ्या व्यक्तीचे फक्त धड लहान नसते, तिच्या मांड्याही लहान असतात. मागचे फुटरेस्ट चासीला पक्के बसवलेले असल्यामुळे ते तिच्यासाठी पुढे-मागे किंवा वर-खाली होत नाहीत. पाय फुटरेस्टवर नीट टेकवायचे म्हणजे तिला सीटवर पुढे सरकून बसावे लागते, आणि ती जितकी पुढे सरकते तितका पॅड मागे राहतो. उंच माणूस त्याच सीटवर सहज मागे बसतो आणि त्याच्या कमरेला पॅड लागते, त्यामुळे दुकानात बसून पाहणाऱ्याला बॅकरेस्ट उत्तम वाटतो. कमी उंचीच्या व्यक्तीने पाठ टेकवण्यासाठी धड मागे झुकवले की कंबर पुढेच राहते, पाठीची कमान होते आणि पॅडच्या वरच्या कडेला फक्त खांदे लागतात. हे पाहून ‘पॅड फार वर आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. तो पूर्ण चुकीचा नाही, पण अर्धाच आहे.

रॉयल एनफिल्डच्या मिटिऑर ३५० च्या सुपरनोव्हा प्रकाराला आणि बजाजच्या ॲव्हेंजर क्रूझ २२० ला बॅकरेस्ट कंपनीकडूनच बसवलेला येतो, तर क्लासिक ३५० सारख्या गाड्यांना तो वेगळा घेऊन लावावा लागतो. वेगळ्या घेतलेल्या बॅकरेस्टमध्ये उंचीसाठी दोन-तीन भोके किंवा एखादी लांबट खाच असते, मात्र पुढे-मागे करण्याची सोय क्वचितच दिली जाते. जी जुळवणी सर्वांत जास्त हवी असते तिचीच सोय नसल्यामुळे लोक असलेल्या सोयीवर, म्हणजे उंचीवर, समाधान मानतात.

मोजमाप कसे घ्यावे

गाडी स्टँडवर लावून मोजू नये. सेंटर स्टँडवर मागचे चाक उचललेले असते आणि साइड स्टँडवर गाडी कललेली असते, त्यामुळे सीटचा खरा उतार दोन्ही वेळा दिसत नाही. सपाट जागी एका मदतनीसाला हँडल धरून गाडी सरळ उभी ठेवायला सांगावे, चालवणाऱ्याने आपल्या नेहमीच्या जागी बसावे आणि मागच्या व्यक्तीने रोजच्या कपड्यांत व हेल्मेट घालून बसावे. चालवणारा पुढे नसेल तर मागची व्यक्ती नकळत पुढे सरकून सैलसर बसते आणि माप चुकते. ती नेहमी पाठीवर सॅक घेऊन बसत असेल, तर तीही घालूनच माप घ्यावे.

आता तिने दोन्ही पाय फुटरेस्टवर असे ठेवावेत की तळव्याचा मधला भाग रबरावर येईल आणि टाच किंचित खाली अडकेल. या स्थितीत तिला ताठ बसू द्यावे आणि पाठ व पॅड यांच्यात अंघोळीचा जाड टॉवेल घडी करून धरावा. एकेक घडी वाढवत जावे, आणि ‘आता कमरेला आधार लागला, पण मला पुढे ढकलत नाही’ असे तिने सांगितले की थांबावे. टॉवेल तसाच तळहाताने दाबून बाजूने पट्टीने जाडी मोजावी. हा आकडा म्हणजे भरून काढायचे अंतर. टॉवेल न दाबता मोजला तर आकडा फुगतो आणि पुढे पॅड जास्त जाड होऊन बसते, म्हणून दाबूनच मोजावा.

त्याच वेळी तिच्या कमरेचा खोलगट भाग पॅडसमोर कोठे येतो तेथे कागदी चिकटपट्टीची खूण करावी. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत ही खूण दबलेल्या सीटपासून साधारण १५ ते २० सें.मी. वर येते. पॅडचा सर्वांत फुगीर भाग या खुणेशी असावा आणि त्याची वरची कड खांद्याच्या फऱ्यांच्या खालच्या टोकाच्या खालीच संपावी, म्हणजे मान वळवताना किंवा मागे पाहताना खांदे अडकत नाहीत.

पॅडला हात लावण्याआधी

पाय फुटरेस्टवर घट्ट टेकत नसतील, तर बॅकरेस्ट कितीही बदलला तरी उपयोग नाही. लोंबकळणाऱ्या पायांनी शरीराला पुढून आधार मिळत नाही आणि ब्रेक लागला की ती व्यक्ती सीटवरून पुढे घसरते. गाडीच्या ॲक्सेसरीमध्ये रुंद किंवा जाड रबराचे फुटरेस्ट मिळत असतील तर ते बसवावेत, कारण रबराच्या एक-दीड सेंटिमीटर जाडीनेही कमी लांबीच्या पायाला फरक पडतो. फुटरेस्टखाली लाकडाचा ठोकळा बांधणे, किंवा त्याला पाइपचा तुकडा वेल्ड करून लांब करणे, असले उपाय करू नयेत. पाय अडकून पडणे हे पाठ न टेकण्यापेक्षा फार गंभीर आहे.

दुसरी तपासणी मागच्या शॉकॲब्सॉर्बरची. क्लासिक ३५० सारख्या गाड्यांत मागच्या स्प्रिंगचा ताण सहा टप्प्यांत बदलता येतो. एखाद्या मोठ्या प्रवासासाठी सामान लादताना तो वरच्या टप्प्यावर नेलेला असतो आणि नंतर तसाच राहतो. मागे ४५ किलो वजनाची व्यक्ती बसली की गाडीचा मागचा भाग पुरेसा खाली बसत नाही, सीट पुढच्या बाजूला उतरती होते आणि ती व्यक्ती प्रत्येक गतिरोधकावर थोडी थोडी पुढे सरकते. गाडीच्या टूलकिटमधील हुकसारख्या टोकाच्या पान्याने ताण एक-दोन टप्पे उतरवावा आणि दोन्ही बाजूंचा टप्पा सारखा ठेवावा. अनेकदा एवढ्यानेच निम्मी तक्रार मिटते, आणि खर्च काहीच नसतो.

तिसरी गोष्ट सीटच्या कव्हरची. वरून चढवलेले चकचकीत रेक्झिनचे कव्हर निसरडे असते. खरबरीत पोताचे कापड किंवा जाळीचे कव्हर घातले की बसलेली जागा टिकते, आणि घेतलेले माप प्रत्यक्ष प्रवासातही खरे ठरते.

अंतर भरून काढण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग पॅडचा कोन बदलण्याचा आहे, आणि तो सर्वांत सोपा असल्यामुळे सर्वांत जास्त वापरला जातो. बिजागरीच्या बोल्टपासून २५ सें.मी. वर असलेला बिंदू ५ अंश पुढे झुकवला तर सुमारे २२ मि.मी. पुढे येतो. मात्र १५ सें.मी. वरचा बिंदू, जेथे कमी उंचीच्या व्यक्तीची कंबर येते, तो जेमतेम १३ मि.मी. पुढे येतो. म्हणजे जेथे आधार हवा तेथे कमी आणि जेथे टोचते तेथे जास्त, असा उलटा परिणाम होतो. म्हणून कोन बदलून एक-सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर भरण्याचा प्रयत्न करू नये. अंतर इतर मार्गांनी भरून झाल्यावर शेवटच्या बारीक जुळवणीसाठी कोन राखून ठेवावा.

दुसरा मार्ग ब्रॅकेट (पॅड धरणाऱ्या पट्ट्या) आणि पॅड यांच्यात स्पेसर, म्हणजे अंतर भरणारा ठोकळा, घालण्याचा आहे. दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत हा मार्ग चांगला चालतो, पण येथे एक हिशेब ध्यानात ठेवला पाहिजे. घाट चढताना किंवा गाडी झटक्याने सुटताना मागची व्यक्ती पॅडवर ४० किलो जोर टाकते असे धरू. हा जोर ब्रॅकेटच्या बोल्टांपासून ३० सें.मी. वर लागला, तर तेथे १२०० किलो-सेंटिमीटर इतका पीळ पडतो. बोल्टांच्या जोडीत ५ सें.मी. अंतर असेल तर ओढ २४० किलोची होते, आणि ती डाव्या-उजव्या ब्रॅकेटमध्ये वाटली गेली तरी प्रत्येक बाजूला १२० किलो येते. हा भार खड्ड्यागणिक कमी-जास्त होत राहतो. वायसरांची चळत घालून तयार केलेल्या स्पेसरमध्ये प्रत्येक वायसर किंचित हलतो, बोल्ट वाकू लागतो आणि काही महिन्यांत आटे खराब होतात. स्पेसर एकसंध असावा. लेथवाल्याकडून बोल्टच्या मापाचे आरपार भोक पाडलेला, ब्रॅकेटच्या पट्टीइतका रुंद, लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा बनवून घ्यावा आणि त्याची दोन्ही तोंडे समांतर असल्याची खात्री करावी. बोल्टही तितकाच लांब घ्यावा. नटमधून किमान दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत.

तिसरा मार्ग मला सर्वांत जास्त पसंत आहे, तो म्हणजे पॅडच नव्याने भरून घेणे. गाडीच्या सीटचे काम करणाऱ्या कारागिराकडे पॅड न्यावे आणि नुसते ‘जाड करा’ असे सांगू नये, कारण मग तो मऊ फोमचा थर वाढवून देतो. तो फोम हातांना छान लागतो, पण अंगाचे वजन पडले की दबून जातो आणि पूर्वीचे अंतर जवळजवळ जसेच्या तसे परत येते. ‘बॅकरेस्ट पहिल्यांदा बरा होता, मग पुन्हा मागे गेला’ या तक्रारीचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. मोजलेल्या अंतराचा मोठा भाग कडक थराने भरावा, त्यासाठी रिबॉन्डेड फोम (फोमचे तुकडे दाबून बनवलेला घट्ट फोम) किंवा चपलेच्या तळासारखी जाड ईव्हीए शीट चालते, आणि वर फक्त दीड ते दोन सेंटिमीटर मऊ फोम ठेवावा. थर सगळीकडे सारखा न ठेवता चिकटपट्टीच्या खुणेशी सर्वांत जाड आणि वरच्या कडेकडे निमुळता करून घ्यावा. असे पॅड कमरेला आधी लागते आणि खांद्यांना मोकळे सोडते, त्यामुळे ब्रॅकेटला हातही न लावता पॅड खाली आल्याचा परिणाम मिळतो.

कारागिराकडे गेल्यावर पॅडची मागची फळी उघडून पाहायला सांगावे. स्वस्त पॅडमध्ये ती साध्या प्लायवूडची असते. कोकणातील किंवा घाटमाथ्यावरील एका पावसाळ्यात शिलाईच्या भोकांतून पाणी आत शिरते, प्लायवूड फुगते, त्यात ठोकलेला टी-नट (फळीत रुतून बसणारा दातेरी नट) सैल होतो आणि बोल्ट आवळताना तो जागच्या जागी फिरू लागतो. बाहेरून बोल्ट घट्ट वाटतो, पण पॅड डुलत राहते. ही फळी जाड ॲल्युमिनियमची किंवा एबीएस प्लास्टिकची करून घ्यावी आणि नटांच्या मागे लांब पट्टी टाकावी. शिलाईचा जोड वरच्या कडेला न ठेवता खालच्या बाजूला ठेवावा. तळाशी पाणी निघून जायला दोन बारीक भोकेही ठेवावीत.

उंची

अंतर भरल्यावर उंचीचे काम बहुधा थोडेच उरते. पॅड खालच्या भोकात घेताना त्याची खालची कड सीटला किंवा मागच्या कॅरियरला घासत नाही, आणि ब्रॅकेट टेललाइट, इंडिकेटर किंवा नंबरप्लेट झाकत नाही, एवढे पाहावे. खाली घेतल्याने पिळाचा दांडा लहान होतो आणि बोल्टांवरील ओढ कमी होते, हा त्याचा अधिकचा फायदा आहे. नवे भोक पाडायचेच असेल तर ते बॅकरेस्टच्या पट्टीत पाडावे. गाडीच्या चासीत, किंवा ग्रॅबरेल (मागच्या व्यक्तीने हाताने धरायची दांडी) ज्या ब्रॅकेटवर बसते त्यात, ड्रिल मारू नये. पट्टीतले नवे भोक जुन्या भोकापासून भोकाच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतरावर असावे, नाहीतर दोन्हींच्या मधली जागा पहिल्यांदा तडकते.

जुळवलेला बॅकरेस्ट पुन्हा का सुटतो

येथपर्यंत सगळे व्यवस्थित केले आणि महिन्याभरात पॅड पुन्हा खाली घसरले किंवा मागे कलले, तर दोष जोडणीत आहे. लांबट खाचेत बोल्ट फक्त घर्षणावर धरून असतो. एक सिलिंडर असलेल्या इंजिनाची थरथर, त्यावर पाठीचे धक्के, आणि त्यात ब्रॅकेटवरील पावडर कोटिंगचा, म्हणजे भाजून चढवलेल्या जाड रंगाचा, थर. हा थर बोल्टच्या दाबाखाली हळूहळू चेपतो आणि तो जितका चेपतो तितका बोल्टचा ताण उतरतो. आवळताना हाताला घट्ट लागलेला बोल्ट शंभर-दीडशे किलोमीटरनंतर सैल मिळतो तो यामुळे. दोन पट्ट्या जेथे एकमेकींना भिडतात तेवढ्याच जागेवरचे कोटिंग पॉलिश पेपरने काढावे आणि उघड्या पडलेल्या कडांना जस्तयुक्त प्राइमर लावावा.

मात्र योग्य जागा सापडल्यावर करायचे खरे काम वेगळे आहे. खाचेतला बोल्ट आवळून ठेवावा आणि त्याच्याजवळ बॅकरेस्टच्याच दोन्ही पट्ट्यांतून आरपार एक गोल भोक पाडून त्यात ६ मि.मी. चा दुसरा बोल्ट घालावा. आता पॅड घर्षणावर अवलंबून राहत नाही. हा बोल्ट काढल्याशिवाय ते सरकूच शकत नाही. उंच आणि बुटकी अशा दोन व्यक्ती आळीपाळीने मागे बसत असतील, तर प्रत्येकीच्या जागेसाठी असे एकेक भोक ठेवले की बदल पाच मिनिटांत होतो आणि प्रत्येक वेळी नेमका त्याच जागी होतो.

बोल्टांच्या डोक्यावर ८.८ हा ताकदीचा दर्जा दाखवणारा आकडा कोरलेला आहे का ते पाहावे. बॅकरेस्टबरोबर येणारे चकचकीत स्टीलचे बोल्ट दिसायला सुंदर असतात, पण नेहमीच्या ए२-७० या स्टेनलेस स्टीलच्या दर्जाचे बोल्ट ८.८ च्या बोल्टइतका ताण घेत नाहीत. ८.८ दर्जाच्या ८ मि.मी. बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर आणि ६ मि.मी. बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटर इतके आवळणे पुरेसे असते. बॅकरेस्टच्या पत्रकात वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळावा. टॉर्क रेंच (किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना) नसेल तर १५ सें.मी. लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे १५ किलो जोर म्हणजे २२ न्यूटन-मीटर, हा अंदाज ८ मि.मी. बोल्टसाठी उपयोगी पडतो. नायलॉनचे कडे असलेला नट काढल्यावर पुन्हा तोच वापरू नये, कारण त्याची पकड प्रत्येक वेळी कमी होते. आटे आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या, भोकात असतील तर निळ्या रंगाचे, मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा द्रव गोंद) लावावे. लाल रंगाचे लावले तर पुढच्या वेळी बोल्ट तापवल्याशिवाय निघत नाही. शेवटी बोल्टचे डोके आणि पट्टी यांवरून पेंटमार्करने एक सलग रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला आहे हे नुसत्या नजरेने कळते.

जेथे बॅकरेस्टची जुळवणी करू नये

साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या स्त्रीसाठी बॅकरेस्ट आधार ठरत नाही. तिची पाठ पॅडकडे नसतेच. पॅडची कड तिच्या एका कुशीत किंवा दंडावर येते आणि वळणावर तिला बाहेरच्या बाजूला ढकलते. आपल्याकडे आई, आजी किंवा सासूबाई अशाच बसतात, म्हणून त्यांच्यासाठी पॅड पुढे आणणे टाळावे, शक्य असेल तर ते काढून ठेवावे आणि हाताने धरायची सोय व साडीगार्ड यांकडे लक्ष द्यावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार धरायला कायमची मूठ, फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचे किमान अर्धे आवरण आवश्यक आहे. काही बॅकरेस्ट बसवताना मूळची ग्रॅबरेल काढावी लागते. त्या जागी हात धरायला काहीच उरत नसेल, तर तो बॅकरेस्ट परत करावा.

मुलांच्या बाबतीत याहून काटेकोर राहावे. पाय फुटरेस्टवर पोहोचत नसतील तर ते मूल मागे बसण्याइतके मोठे झालेले नाही, मग पॅड कितीही पुढे आणता येत असो. चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने चालवणाऱ्याला जोडणारा सुरक्षा पट्टा व लहान हेल्मेट बंधनकारक केले असून, अशा वेळी वेगही ताशी ४० किलोमीटरच्या आतच ठेवायचा आहे. बॅकरेस्ट हा त्या पट्ट्याला पर्याय नाही.

चाचणी आणि नंतरची तपासणी

काम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० च्या वेगाने जाऊन नेहमीसारखा ब्रेक लावून पाहावा आणि मागच्या व्यक्तीला दोनच प्रश्न विचारावेत. ब्रेकनंतर पाठ आपोआप पुन्हा पॅडपाशी आली का, की मुद्दाम मागे सरकावे लागले? आणि गाडी सोडताना पॅड कमरेला लागले की खांद्यांना? ती निवांत बसली असताना पाठ आणि पॅड यांत आपला तळहात सपाट सरकवता आला पाहिजे. हात अडकत असेल तर पॅड जास्त पुढे आले आहे आणि लांबच्या प्रवासात ते तिला चालवणाऱ्याच्या पाठीवर ढकलत राहील. चाचणीत शक्य तर एखादी चढणही घ्यावी. कुंभार्ली किंवा वरंधा घाट चढताना वजन पॅडवर येते आणि उतरताना ते पॅडपासून सुटते, त्यामुळे उतारावर हाताने धरूनच बसायचे हे तिला आधीच सांगून ठेवावे.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत, आणि त्यानंतर गाडी सर्व्हिसिंगला जाईल तेव्हा रेघांकडे पाहावे. बॅग बॅकरेस्टच्या मागच्या बाजूला लोंबकळती बांधू नये, कारण तिची ओढ सतत एकाच दिशेने राहते. गाडी धुताना ब्रॅकेटच्या वेल्डिंगवरून बोट फिरवावे. तेथे गंजाची बारीक तांबूस रेघ दिसली तर बहुधा धातू तडकलेला असतो. अशा ब्रॅकेटवर वरून वेल्डिंगचा थर चढवून ते पुन्हा वापरू नये, नवे मिळेपर्यंत बॅकरेस्ट काढून ठेवावा आणि ग्रॅबरेल परत बसवावी.